ब्लोअर घेताना तो कोणाच्या पाठीवर बसणार, ते आधी बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात मला तीन फोन आले. एक रामदासपेठेतल्या एका सोसायटीच्या सचिवांचा, एक वर्धा रोडवरच्या लॉनवाल्यांचा आणि एक शिक्षणसंस्थेतून. तिघांनाही पाला उडवायचा पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर घ्यायचा आहे आणि तिघांचाही पहिला प्रश्न एकच होता: "सगळ्यात जास्त स्पीडवाला कोणता?" फोनवर मी जे सांगितलं ते अर्धवट राहिलं. शिवाय पानगळ सुरू झाली की आपल्या याच सदरात ब्लोअरच्या आवाजाविरुद्ध पत्रं येतात, तीही मी वाचतो. त्या पत्रांना उत्तर द्यायला मी बसलेलो नाही, कारण ती तक्रार खरी आहे. पण ज्याच्या पाठीवर ते मशीन असतं त्याच्याबद्दल त्यांत कधी एक ओळ नसते, आणि मशीन विकत घेणाऱ्यांच्या बोलण्यातही नसते.

मी बावीस वर्षं नागपुरात आवारं आणि बागा सांभाळायची कामं घेतो. आठ माणसं आहेत. आधी सगळं खराट्यावर चालायचं. इतवारीतून डझनानं खराटे आणायचे आणि एका हंगामात संपवायचे. सेमिनरी हिल्सकडे साग आहे. त्याचं वाळकं पान सुपाएवढं असतं, कडा आत वळलेल्या. खराट्यानं पुढे ढकललं आणि झुळूक आली की ते परत पायाशी येतं. मग होळीच्या मागेपुढे कडुनिंब आणि पिंपळ गळतात. निंबाची पानं बोटाच्या पेराएवढी. ती फरशीच्या फटीत, गिट्टीत, हिरवळीच्या मुळाशी जाऊन बसतात. ज्या आवारात चार माणसांना सकाळी सहा ते अकरा लागायचे, तिथं ब्लोअर आल्यापासून दोन माणसं दीड-दोन तासांत मोकळी होतात. त्यामुळे मशीनच नको, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाच-पाच तास वाकून झाडणाऱ्यांच्या कमरेचं काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

आता स्पीडचं. खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो वाऱ्याचा वेग, आणि तो नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. तोंड अरुंद केलं की वेग वाढतो. बागेच्या पाइपावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पण म्हणून बादली लवकर भरत नाही. पाला ढकलायला वेग हवा आणि हवेचं प्रमाणही हवं. दोन्ही मिळून जो जोर होतो तो कंपन्या न्यूटनमध्ये देतात. साधारण दहा न्यूटन म्हणजे एक किलो वजनाचा रेटा, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरतं.

स्टिल कंपनीची दोन मॉडेलं शेजारी ठेवून बघा, बीआर ६०० आणि बीआर ७००. दोन्हींचं इंजिन ६४.८ सीसीचं. पत्रकाप्रमाणे ६०० चा वेग ताशी ३८० किलोमीटरच्या वर, ७०० चा ताशी ३१७ च्या आसपास. नुसता वेग बघणारा माणूस ६०० उचलेल आणि आपण ताकदवान मशीन घेतलं असं समजेल. पण ६०० च्या तोंडातून तासाला सुमारे ११५० घनमीटर हवा निघते आणि ७०० च्या तोंडातून सुमारे १५५०. जोर ३२ न्यूटन आणि ३५ न्यूटन. म्हणजे वेग कमी, जोर जास्त. सागाचा पसरलेला पाला रुंद पट्ट्यानं ढकलायचा तर ७०० चांगलं. गिट्टीत अडकलेला निंबाचा बारीक पाला उपसायचा तर अरुंद धार जास्त कामाची आणि ६०० वजनालाही किलोभर हलकं. माझ्या कामाला मी ६०० घेतलं, आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर तेच घेईन.

याच्या वरचीही मशीन आहेत. हस्क्वर्नाचं ५८० बीटीएस ७५.६ सीसीचं, जोर ४० न्यूटन. स्टिलचं बीआर ८०० आणि एकोची पीबी-८०१०, पीबी-९०१० ही सगळी ७९.९ सीसीची, जोर अनुक्रमे ४१, ४४ आणि ४८ न्यूटन. मशीन म्हणून उत्तम आहेत, त्यांची बनावट बघून माझ्यासारख्या माणसाला आनंदच होतो. पण ती कुठल्या कामासाठी बनली हे विचारा. अमेरिकेत, युरोपात पानगळ पावसाळी हवेत होते. ओक आणि मेपलच्या ओल्या पानांचा थर गवताला लगद्यासारखा चिकटतो आणि एकेक आवार एकरांत मोजायचं असतं. आपली पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल, अगदी कोरड्या हवेत. पान पापडासारखं वाळलेलं, हात लावला तर मोडतं. त्याला हलवायला तीस न्यूटनही पुष्कळ झाले. माझी माणसं निम्म्याअधिक वेळ अर्ध्या थ्रॉटलवर काम करतात. त्यावरचा जो जोर आहे तो पाला हलवत नाही, माती उचलतो. फिरायला येणाऱ्यांच्या नाकात जाते ती हीच माती. अवकाळीनं पाला भिजला तर मोठ्या मशीनची आठवण येते, हे मान्य. तेव्हा आम्ही एक दिवस थांबतो. नागपूरचं ऊन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पाला वाळवून देतं.

वजनाबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण खरेदीच्या वेळी ते कोणी विचारत नाही. पत्रकात दिलेलं वजन रिकाम्या टाकीचं असतं. ५८० बीटीएस ११.८ किलोचं, टाकी २.६ लिटरची. पेट्रोल लिटरला पाऊण किलो धरलं तर भरल्या टाकीसह ते पावणेचौदा किलो होतं. माझ्याकडच्या माणसांत सर्वांत जुना माणूस पन्नाशी ओलांडलेला आहे, सगळे त्याला मामा म्हणतात. मामाचं स्वतःचं वजन बावन्न किलो. काटोलकडचा माणूस, उमेदीच्या वयात संत्र्याच्या बागांत पाठीवरच्या पॉवर स्प्रेअरनं फवारणी केलेली. ते मशीन आणि हे मशीन भावंडंच, तोच पंखा, तसंच इंजिन, फक्त औषधाची टाकी नाही. त्यामुळे इंजिनाची त्याला चांगली समज. ब्लोअर चालवायचा तेव्हा तो प्रायमरचा बुडबुडा पाच-सहा वेळा दाबायचा, चोक लावायचा, मशीनच्या बुडाशी एक पाय रोवायचा आणि दुसऱ्या ओढीला इंजिन बोलायचं. मग उकिडवा बसून पट्टे खांद्यात घालायचा, गुडघ्यावर हात देऊन उठायचा. त्या उठण्याच्या क्षणी त्याच्या मानेच्या शिरा बघाव्यात. मार्चच्या शेवटी तासाभरानं मशीन उतरवलं की त्याच्या शर्टावर पट्ट्यांची दोन आणि पाठीच्या गादीची एक अशी घामाची ठसठशीत खूण उमटलेली असायची, आणि इंजिनाची धग लागून पाठ लाल झालेली असायची.

याच मामाचं एकदा असं झालं. रामदासपेठेत काम आटोपून तो मशीन पुसत होता, इंजिन बंद होतं. चौकीदार दहा पावलांवरून हाक मारत होता, "मामा, ओ मामा," पाणी आणलं होतं त्यानं. मामानं मान वर केली नाही. तिसऱ्या हाकेला मीच खांद्याला हात लावला. तो म्हणाला, "भाऊ, मले तं मशीन बंद केल्यावरबी चालूच वाटते." रात्री झोपतानाही कानात तोच आवाज असतो, असं त्यानं सांगितलं. घरची मंडळी टीव्हीच्या आवाजावरून भांडतात, हेही तेव्हाच कळलं. मी त्याला कान तपासायला नेलं. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला: खालचे आवाज ठीक होते, ४००० हर्ट्झजवळ रेघ एकदम खाली गेलेली. यंत्राच्या आवाजानं गेलेला कान असाच दिसतो आणि तो परत येत नाही, असं त्यांनी सांगितलं. स, श, फ ही अक्षरं आधी हरवतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही.

तोपर्यंत मी त्याला कानात घालायला काहीही दिलं नव्हतं. तो आपला कापसाचा बोळा घालायचा आणि मी ते बघायचो. ही चूक माझी आहे आणि ती लिहून टाकल्याशिवाय हे पत्र मला पुढे नेता येत नाही.

पाठीवरच्या पेट्रोल ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या घरात असतो. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा धरतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करत जातात. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. असं करत शंभरवर आलं की हाती पंधरा मिनिटं उरतात. मामा रोज दोन-दोन तास चालवत होता, आणि असे किती हंगाम. आता फोमचे बोळे आणि त्यावर कान झाकणारे मफ, दोन्ही सक्तीचे केले आहेत. फोमचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून तो फुगेपर्यंत दाबून धरायचा. नुसता तोंडाशी खोचलेला बोळा कापसाइतकाच निरुपयोगी. काही रुपयांची वस्तू आहे ही. बेचाळीस अंशात मफखाली घाम साचतो, माणसं कुरकुरतात, काढून ठेवतात. त्यासाठी वीस मिनिटांनी मशीन दुसऱ्याच्या पाठीवर, असा नियम केला आहे.

आवाजाचा आकडा पत्रकात असतो, पण तो पन्नास फुटांवरून मोजलेला. स्टिल बीआर ६०० चा ७५ डेसिबल, एकोच्या पीबी-८०१० चा ८०. पाचाच्या फरकाला कोणी किंमत देत नाही. पण पाच डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा तिपटीहून जास्त. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५०, ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. पन्नास फुटांवर ७५ म्हणजे आपलं सगळ्यात शांत मशीनही त्या रेषेच्या पुष्कळ वर आहे. नियमात दिवस सकाळी सहाला सुरू होतो म्हणून सहाला दोरी ओढायची, हे मला पटत नाही. आम्ही सातच्या आधी इंजिन लावत नाही. वाचकांना आठ हवे असतील. पण एप्रिलमध्ये दहाला रस्ता तापलेला असतो आणि पाठीवर तापलेलं इंजिन असतं. या दोन टोकांच्या मध्ये आम्हाला जेमतेम तीन तास मिळतात, तेवढे समजून घ्यावेत.

इंजिनाच्या जातीवरूनही दुकानात फार गोंधळ होतो. साध्या टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलबरोबर जातं तेच. ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. खोकल्याच्या औषधाबरोबर दहा मिलीचं माप येतं ना, ते दोनदा. स्टिलच्या फोर-मिक्स इंजिनाला व्हॉल्व्ह आहेत, आवाज खर्जातला येतो, धूर कमी; पण त्यालाही तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नावातला 'फोर' बघून लोक फसतात. मकिताचं ७५.६ सीसीचं खरं फोर-स्ट्रोक आहे. त्यात पेट्रोल साधं आणि तेल वेगळ्या भांड्यात, मोटरसायकलसारखं. ज्या संस्थेत माळी दर वर्षी बदलतो आणि मिश्रणाचं माप कोणी सांभाळणार नाही, तिथं मी हेच सुचवेन, वजन जास्त असलं तरी.

हे अनुभवावरून बोलतो आहे. शहरातल्या एका मोठ्या आवाराच्या व्यवस्थापनानं सर्वाधिक वेग असलेलं ८० सीसीचं मशीन मागवलं. निविदेत वेग होता, सीसी होते, किंमत होती. चालवणाऱ्याला शिकवायचं मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यानं पंपावरून आणलेलं साधं पेट्रोल ओतलं. चौथ्या दिवशी मशीन बंद पडलं आणि मला बोलावलं. दोरी ओढून बघितली तर जागची हलेना. कॉटन मार्केटजवळच्या माझ्या मेकॅनिकनं मफलर काढून आत टॉर्च मारला. पिस्टनच्या अंगावर वरून खालपर्यंत उभे चरे पडले होते, चांदीसारखे चकाकत होते. चाळीस मिली तेल वाचलं आणि इंजिन गेलं. पुढे त्या माळ्याच्या पगारातून पैसे कापायची भाषा झाली, तेव्हा मी तिथं भांडलो. ज्याला कोणी काही सांगितलंच नाही, त्याचा त्यात काय दोष?

पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. माझ्याकडच्या पुस्तिकांत दहा टक्क्यांपर्यंतचीच मुभा आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर टाकीत पेट्रोल राहिलं तर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं आणि आपण मिसळलेलं तेल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. नळी शोषते ती तळातून, म्हणजे इंजिनाला तेलच मिळत नाही. कार्बोरेटरमधले पडदे कडक होतात ते वेगळंच. म्हणून मिश्रण आठवड्याला पुरेल एवढंच करावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवावं. एअर फिल्टर आमच्या धुळीत रोज झटकावा लागतो. पुस्तिकेतल्या मुदतीवर इथं विसंबून चालत नाही.

धुराचंही खरं ते सांगतो. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोकमध्ये साधारण चौथा हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. नव्या इंजिनांत ते बरंच कमी झालं आहे, संपलेलं नाही. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब असा की धुरकं करणाऱ्या वायूंपुरतं बोलायचं तर व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवणं म्हणजे मोटार ११०० मैल, सुमारे १७७० किलोमीटर पळवणं. समृद्धी महामार्गानं मुंबईला जाऊन परत आलं तरी तेवढं अंतर होत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून अशा नव्या पेट्रोल मशीनची विक्री थांबवण्याचा कायदा लागू झाला. वॉशिंग्टन डीसीमध्ये २०२२ पासून ती चालवायलाच बंदी आहे. बॅटरीवरचे पाठीवरचे ब्लोअर आले आहेत, आवाज खरोखर कमी आहे आणि लहान सोसायटीला ते पुरतात. रामदासपेठेतल्या सचिवांना मी तेच घ्या म्हटलं आहे. चार-पाच आवारं एका सकाळी उरकणाऱ्याला मात्र दोन-तीन जादा बॅटऱ्या लागतात आणि तो खर्च आज माझ्या आवाक्यात नाही.

आणि पाला उडवून नेणार कुठे? काही ठिकाणी तो फाटकाबाहेर रस्त्यावर किंवा सरळ नालीत ढकलतात, काही ठिकाणी ढीग करून काडी लावतात. उघड्यावर कचरा जाळला तर ५००० रुपये दंड, हे राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच सांगितलं आहे. आम्ही साग आणि पिंपळाचा पाला झाडांच्या आळ्यांत भरतो, उरलेला खड्ड्यात शेणकाल्याबरोबर. निंबाचा पाला कुजायला लागतोही लवकर.

निविदा काढणाऱ्या मंडळींना एवढंच मागणं आहे की वेगाच्या रकान्याशेजारी न्यूटन, भरल्या टाकीचं वजन आणि आवाजाचा आकडा हेही रकाने घाला. कानाचे मफ, बोळे, गॉगल आणि धुळीचा मास्क मशीनच्या किमतीतच धरा, मागाहून मागितले तर ते मिळत नाहीत. एका मशीनमागे दोन माणसं मंजूर करा म्हणजे पाळी बदलता येईल. आणि मशीन आणणाऱ्या दुकानदारानं चालवणाऱ्याला समोर उभं करून मिश्रण करून दाखवावं, सही त्या चालवणाऱ्याची घ्यावी, साहेबांची नव्हे.

मामा आता ब्लोअर चालवत नाही. खराटा आणि आळी त्याच्याकडे आहेत, पगार तोच आहे. नव्या पोरांच्या कानात बोळे नीट बसलेत की नाही हे रोज सकाळी तोच बघतो, कानाला हात लावून.

फोन केलेल्या तिघांनाही माझं बोलावणं आहे. येत्या मंगळवारी आम्ही सेमिनरी हिल्सच्या बाजूला सकाळी सातपासून असू. दोन्ही मशीन तिथं असतील, लहान आणि मोठं. टाक्या भरून ठेवीन. आधी पाठीवर घ्या, कानात बोळे घालून वीस मिनिटं चालवा, आणि मग कोणतं घ्यायचं ते ठरवा.

आपला,
एक बाग-कंत्राटदार,
नागपूर